गरोदरपणातल्या एचआयव्हीच्या गोळ्या आणि उशिरा बोलणारी मुलगी

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. पहिल्या वेळी पाचव्या महिन्यात रक्त तपासलं तेव्हा एचआयव्ही असल्याचं कळलं आणि लगेच एफाव्हिरेन्झ असलेली गोळी सुरू झाली. मुलगी दिवस भरून जन्मली, तिच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. आता ती २२ महिन्यांची आहे. चालते, पळते, बोट दाखवून हवं ते मागते, पण शब्द मोजून सहा. मधल्या काळात तुमचं औषध बदलून डोलुटेग्रॅव्हिर असलेली गोळी सुरू झाली, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडणार नाही इतका खाली आहे, आणि आता तुम्हाला पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना चालू आहे. कुणीतरी सांगितलं की या गोळ्यांचा पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. म्हणून तुम्ही विचारताय: मुलीचं बोलणं माझ्या गोळ्यांमुळे अडलं का? आणि या वेळी बाळंतपणापर्यंत गोळ्या बंद ठेवू का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. गोळ्या बंद करू नका. शंका असेल, भीती वाटत असेल, तर गोळी घेत राहा आणि शंका घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. औषध बदलायचं असलं तरी ते एक सोडून दुसरं धरणं असतं. मध्ये रिकामी जागा ठेवायची नसते.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. एचआयव्ही असलेल्या आईच्या पोटी जन्मलेल्या, पण स्वतःला संसर्ग नसलेल्या मुलांची वाढ आणि विकास बघणं हे माझ्या कामाचा मोठा भाग आहे. जगात अशी मुलं आज दीड कोटीहून जास्त आहेत. त्यांच्या आया मला बहुतेक वेळा तुमचाच प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: गोळ्या घेतल्या नसत्या तर मूल नुसतं निरोगी वाढलं असतं. खरी तुलना तशी नाही. गोळ्या नसतील तर तिथे विषाणू असतो.

उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला एचआयव्ही होण्याचं प्रमाण, अंगावरचं दूध धरून, १५ ते ४५ टक्के असतं. संसर्ग झालेल्या बाळाला उपचार मिळाले नाहीत तर जवळजवळ निम्मी बाळं दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. जी जगतात त्यांच्याही मेंदूवर हा विषाणू थेट घाव घालतो. डोकं वाढायचं थांबतं, शिकलेल्या हालचाली विसरल्या जातात, पाय कडक होतात. उपचार न मिळालेल्या बाळाचा विकास मागे सरकताना मी पाहिलाय. कोणत्याही गोळीचा ज्ञात परिणाम त्याच्या जवळपासही जात नाही.

दुसऱ्या बाजूला, २०१५ साली प्रसिद्ध झालेली फ्रान्समधली एक मोठी पाहणी आहे. गर्भधारणेच्या आधीपासून उपचार चालू असलेल्या, मध्ये न थांबलेल्या आणि बाळंतपणाच्या वेळी व्हायरल लोड ५०च्या खाली असलेल्या आयांची २,६५१ बाळं त्यात होती. गरोदरपणात किंवा बाळंतपणात त्यातल्या एकालाही संसर्ग झाला नाही. तुम्ही आज नेमक्या याच गटात आहात. गोळ्या थांबवल्या तर साधारण दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा रक्तात वर येतो, आणि तुम्ही स्वतःहून त्या गटातून बाहेर पडता. शिवाय पुन्हा सुरू करताना तेच औषध तितकंच लागू पडेल याची खात्री राहत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. तिथे मला "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात सांगता येणार नाही.

ही औषधं बाळापर्यंत पोचतात, हे खरं आहे. काही वारेतून सहज जातात, काही फारच कमी. लोपिनॅव्हिर हे एचआयव्हीचं जुनं औषध बाळाच्या रक्तात थोडंच पोचतं. डोलुटेग्रॅव्हिर आईइतकं, कधी त्याहून जास्त पोचतं आणि नवजात बाळाच्या शरीरातून सावकाश बाहेर पडतं. औषध बाळापर्यंत पोचतं यातच त्याचा एक फायदा आहे, कारण बाळंतपणाच्या वेळी बाळाच्या रक्तात आधीच संरक्षण तयार असतं. पण बाळापर्यंत पोचणाऱ्या औषधाकडे डोळे उघडे ठेवून पाहायला हवं, आणि १९९४ पासून तसं पाहिलं जातंय. त्या वर्षी झिडोव्हुडिन या एचआयव्हीच्या औषधाची गरोदरपणातली पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. औषध न घेतलेल्या गटात २५.५ टक्के बाळांना संसर्ग झाला, घेतलेल्या गटात ८.३ टक्के. त्या चाचणीतल्या संसर्ग नसलेल्या मुलांचा पुढे काही वर्षं पाठपुरावा झाला. वाढ आणि आकलन यांत औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांमध्ये फरक दिसला नाही.

धक्का बसला तो १९९९ मध्ये. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी संसर्ग नसलेल्या, पण पोटात असताना झिडोव्हुडिनच्या गटातली औषधं मिळालेल्या आठ मुलांमध्ये मायटोकॉन्ड्रियाचा बिघाड असल्याचं नोंदवलं. त्यातली दोन मुलं दगावली. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतले ऊर्जा तयार करणारे भाग. ही औषधं विषाणूची नक्कल अडवतात, तशीच या भागांच्या डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमलाही थोडंफार अडवतात. त्यामुळे ही भीती निराधार नव्हती. नंतर अमेरिकेत सुमारे २० हजार मुलांच्या नोंदी याच नजरेने तपासल्या गेल्या. अशा बिघाडामुळे झालेला एकही मृत्यू त्यात सापडला नाही. धोका असलाच तर फार विरळ, असं त्यातून दिसलं. शिवाय मायटोकॉन्ड्रियाला जास्त त्रास देणारी जुनी औषधं, स्टॅव्ह्युडिन आणि डिडॅनोसिन, आता वापरातून जवळजवळ गेली आहेत. आजच्या गोळीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही या बाबतीत कितीतरी सौम्य आहेत.

तुमचा प्रश्न बोलण्याचा आहे, आणि भाषेवर खास अभ्यास झालेत. अमेरिकेत २००७ पासून अशा मुलांवर औषधांचे परिणाम शोधणारा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यात अ‍ॅटाझॅनॅव्हिर हे एचआयव्हीचं आणखी एक औषध पोटात असताना मिळालेल्या मुलांमध्ये एक वर्षाच्या वयाला बोलणं उशिरा सुरू होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. दोन वर्षांच्या वयाला तो फरक उरला नाही. बोट्स्वानातल्या अभ्यासात एफाव्हिरेन्झ मिळालेल्या मुलांचे दोन वर्षांच्या वयातले भाषा समजण्यासह काही चाचण्यांतले सरासरी गुण थोडे कमी आले. पहिल्या वेळी तुम्ही एफाव्हिरेन्झ घेत होतात, म्हणून हे लपवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. पण इथे "सरासरी" आणि "थोडे" हे दोन्ही शब्द नीट लक्षात घ्या. विकासाच्या या चाचण्यांची मोजपट्टी अशी असते की १०० हे मधलं माप आणि ८५ ते ११५ मध्ये बहुसंख्य मुलं. शेकडो मुलांच्या दोन गटांत काही गुणांचा फरक आकडेमोडीत उठून दिसतो. तेवढ्याच फरकावर एकाच मुलाकडे बोट दाखवून "हिचं बोलणं या गोळीमुळे अडलं" असं कुणीही म्हणू शकत नाही, मीसुद्धा नाही. एखाद्या सकाळी चाचणीच्या वेळी मूल झोपाळलेलं असलं तरी तेवढे गुण कमी येतात.

संसर्ग नसलेल्या या मुलांची आणि एचआयव्ही नसलेल्या आयांच्या मुलांची तुलना केली तर काय दिसतं, तेही सांगतो. बोट्स्वानातल्याच दुसऱ्या अभ्यासात दोन वर्षांच्या वयाला दोन्ही गट जवळपास सारखे निघाले. दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात भाषेचा उशीर एचआयव्ही असलेल्या आयांच्या मुलांमध्ये जास्त दिसला. दोन्ही अभ्यास चांगले आहेत, आणि निष्कर्ष वेगळे येण्याचं कारण समजण्यासारखं आहे. या मुलांच्या आयुष्यात गोळी ही एकच गोष्ट वेगळी नसते. आईची प्रतिकारशक्ती गरोदरपणात किती खाली होती, विषाणू किती महिने चढा राहिला, बाळ दिवस भरून जन्मलं का, वजन किती होतं, घरात कुणी आजारी होतं का, आई दूध किती दिवस देऊ शकली, आईचं मन कसं होतं, घरात पैशाची ओढाताण किती होती. यातली प्रत्येक गोष्ट मुलाच्या बोलण्यावर स्वतंत्रपणे परिणाम करते, आणि त्या एकमेकींना धरून येतात. गोळीचा वाटा वेगळा काढायचा म्हणजे चहातली साखर परत चमच्यात घेण्यासारखं आहे.

या सगळ्यात मला कशाचा धाक जास्त वाटतो विचाराल, तर मुदतीआधी जन्म आणि कमी वजन यांचा. जुन्या काही औषधांनी, विशेषतः लोपिनॅव्हिरच्या गटातल्या औषधांनी, मुदतीआधी बाळंतपणाचं प्रमाण वाढू शकतं असं बऱ्याच पाहण्यांत दिसलंय, आणि मुदतीआधी जन्मलेल्या मुलाच्या विकासावर त्याचा ठसा नक्की उमटतो. तुमची मुलगी दिवस भरून जन्मली. हा मोठा आधार आहे.

म्हणून मी सल्ला देताना "गोळीमुळे का?" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवतो. त्याचं उत्तर काहीही आलं तरी मुलीसाठी करायच्या गोष्टी बदलत नाहीत. उलट एक धोका मी वारंवार पाहतो. आईने मनाशी ठरवून टाकलं की हे गोळ्यांचंच, की मग पुढची तपासणी होत नाही, आणि सापडण्यासारखं, बरं होण्यासारखं कारण तसंच राहून जातं.

सगळ्यात आधी तिचा एचआयव्हीचा अंतिम निकाल पक्का आहे का ते बघा. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) बाळात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणून सुरुवातीच्या, थेट विषाणू शोधणाऱ्या पीसीआर चाचण्यांनंतर १८ महिन्यांनी आणि दूध तोडून झाल्यावर एक शेवटची चाचणी असते. "निगेटिव्ह आली" असं तुम्ही लिहिलंय, पण कधीची, ते लिहिलेलं नाही. कागद काढून तारीख बघा. शेवटची चाचणी राहिली असेल तर ती याच आठवड्यात करून घ्या.

मग कान. बोलणं उशिरा असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झालीच पाहिजे, आणि जन्मल्यावर केलेली चाचणी यासाठी पुरत नाही. आई-बाबा मला सांगतात, "ऐकू येतं हो तिला, दार आपटलं की दचकते." दार आपटल्याचा आवाज मोठा आणि खालच्या पट्टीतला असतो. स, श, फ हे वरच्या पट्टीतले, हळू आवाज असतात, आणि तेच ऐकू येत नसतील तर मुलाला बोलणं ऐकू येतं पण शब्द वेगळे कळत नाहीत. असं मूल नावाला वळून बघतं, गाण्यावर नाचतं, आणि तरी बोलत नाही. आईला एचआयव्ही असेल तर बाळाला पोटातच सायटोमेगॅलोव्हायरस नावाचा दुसरा विषाणू मिळण्याची शक्यता जास्त असते. त्याने होणारा बहिरेपणा जन्मानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही सुरू होऊ शकतो. म्हणजे जन्माच्या वेळची चाचणी उत्तम, आणि दीड वर्षाला ऐकणं कमी. वारंवार सर्दी होत असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साचूनही ऐकणं कमी होतं, आणि ते तर सहसा पूर्ण बरं होतं.

या वयात चाचणी कशी होते ते सांगतो, म्हणजे घाबरणार नाही. आवाजबंद खोलीत मुलगी तुमच्या मांडीवर बसते. कधी उजवीकडून, कधी डावीकडून आवाज येतो. ती तिकडे वळली की तिथलं खेळणं दिव्याने उजळतं. थोड्या वेळात मुलांना तो खेळच वाटतो. सुई नाही, दुखत नाही. तुम्ही फक्त तिच्या आधी मान वळवायची नाही, कारण मुलं आईची मान बघून वळतात.

कान ठीक निघाले तर पुढचं बघणं असं. २२ महिन्यांना सहा शब्द हे कमीच आहेत. दोन वर्षांच्या आसपास साधारण ५० शब्द आणि दोन शब्द जोडून बोलणं अपेक्षित असतं. पण तुम्ही लिहिलेल्या एका गोष्टीने मला बरं वाटलं: ती बोट दाखवून मागते. ती हवं ते मागण्यासाठीच बोट दाखवते, की पक्षी दिसला म्हणून नुसतं तुम्हाला दाखवायलाही बोट करते? दाखवून मग तुमच्या तोंडाकडे बघते का? "बूट आण" म्हटल्यावर, हाताने खूण न करता, आणते का? ही तीन उत्तरं "हो" असतील तर तिला भाषा कळतेय आणि माणसांशी जोडून घेण्याची ओढ आहे. अशी बरीच मुलं पुढच्या वर्ष-दीड वर्षात बाकीच्यांना गाठतात. उत्तरं "नाही" असतील, किंवा आधी बोलत असलेले शब्द गेले असतील, तर थांबायचं नाही. विकासाची सविस्तर तपासणी लगेच हवी. दोन्ही बाबतीत वाचा-उपचारतज्ज्ञाकडे आताच जायला हरकत नाही. दोन वर्षं पूर्ण होऊ देत, मग बघू, असं कुणी म्हटलं तरी मी आजचीच वेळ घ्यायला सांगेन. हिमोग्लोबिनही तपासून घ्या. लोहाची कमतरता या वयात सर्रास असते, मेंदूच्या वाढीला ती बाधते, आणि तिच्यावर उपचार सोपा आहे.

पोटातल्या बाळाबद्दल सांगतो. डोलुटेग्रॅव्हिरबद्दल तुम्ही काही वाचलं असेल तर ते बहुधा २०१८ मधलं. त्या वर्षी बोट्स्वानातल्या जन्मनोंदींच्या अभ्यासात, गर्भधारणेच्या वेळी हे औषध चालू असलेल्या ४२६ आयांच्या बाळांपैकी चौघांमध्ये मेंदू-मज्जारज्जूचा जन्मदोष आढळला आणि जगभर इशारे गेले. तोच अभ्यास पुढे चालू राहिला, हजारो बाळंतपणं त्यात जमा झाली, आणि प्रमाण उतरत इतर औषधांइतकंच, सुमारे ०.१ टक्का, झालं. २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटना हे औषध गरोदर स्त्रियांसह सर्वांसाठी पहिल्या पसंतीचं म्हणून सुचवते. औषधांची थेट तुलना करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत डोलुटेग्रॅव्हिर आणि टेनोफोव्हिरचा नवा प्रकार एकत्र घेतलेल्या गटात बाळंतपणातल्या अडचणी सगळ्यांत कमी निघाल्या. या औषधासह पोटात वाढलेली मुलं अजून लहान आहेत, त्यांच्या शाळेच्या वयातला पाठपुरावा चालू आहे. म्हणून तुमच्या बाळाच्या प्रत्येक भेटीत वजन, उंची आणि डोक्याचा घेर लिहून घ्या आणि विकासाचे टप्पे विचारून घ्या. जन्मानंतर बाळाला काही आठवडे औषध देतील. त्यात झिडोव्हुडिन असेल तर हिमोग्लोबिन थोडं उतरू शकतं, औषध संपल्यावर ते सहसा आपोआप सावरतं.

एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. गरोदरपणात तुम्हाला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतील. त्या रिकाम्या पोटी डोलुटेग्रॅव्हिरबरोबर घेतल्या तर हे औषध पोटातच त्यांना चिकटतं आणि रक्तात कमी उतरतं. जेवणाबरोबर घेत असाल तर एकत्र चालतात. नाहीतर डोलुटेग्रॅव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. उलट्या फार होत असतील आणि गोळी पोटात ठरत नसेल तर तेही डॉक्टरांना लगेच कळवा. व्हायरल लोड गरोदरपणात पुन्हा तपासला जायला हवा, आणि शेवटच्या महिन्याच्या सुमारास तर नक्कीच.

शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की मुलीकडे बघितलं की रडू येतं, तिच्याशी बोलावंसंच वाटत नाही. ते मी ओलांडून पुढे जाणार नाही. हे किती दिवस चाललंय? झोप, भूक कशी आहे? आईचं खचलेलं मन हे मुलांच्या बोलण्याला उशीर होण्याचं एक सिद्ध कारण आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही, तो आजार आहे. एफाव्हिरेन्झने काही जणांना उदासी आणि विचित्र स्वप्नं येतात, डोलुटेग्रॅव्हिरनेही काहींची झोप बिघडते. तुमच्या डॉक्टरांना हे गरोदरपणाच्या पुढच्याच भेटीत सांगा, मुलीच्या तपासणीइतकंच गंभीरपणे. गरोदरपणात चालणारे उपचार आहेत. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

तुम्हाला काळजी आहे की मुलीला तपासायला नेलं तर सगळ्यांना तुमचा आजार सांगावा लागेल. तसं नाही. श्रवणचाचणी करणाऱ्याला आणि वाचा-उपचारतज्ज्ञाला एवढंच पुरतं: मूल दिवस भरून जन्मलं, वजन इतकं होतं, शब्द सहा आहेत. तुमचा एचआयव्ही आणि गरोदरपणातली औषधं फक्त मुलीच्या बालरोगतज्ज्ञांना माहीत हवीत, आणि त्यांना ती एकट्याने, दार लावून सांगता येतील. जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: पहिल्या वेळी कोणती गोळी, कोणत्या महिन्यापासून, तेव्हाचा सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) आणि व्हायरल लोड, आणि मुलीच्या प्रत्येक एचआयव्ही चाचणीची तारीख. श्रवणचाचणीचा निकाल आला की इथेच कळवा. "बूट आण" म्हटल्यावर ती काय करते, तेही लिहा.